चोविसाव्या खणातले कार्ड

मित्रांनो, विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत तळघराच्या एकोणीस पायऱ्या उतरलात, की डाव्या हाताला पाण्याचा पंप लागतो. त्याच्यापलीकडे मोडक्या खुर्च्यांचा ढीग आहे. त्या ढिगामागे तीस खणांची एक जुनी लाकडी कार्डपेटी भिंतीला टेकून उभी दिसेल. ती मी. आता माझ्या खणांत काही नाही, त्यामुळे मला वेळच वेळ आहे. तुम्हाला असेल, तर माझी हकिगत ऐका.

मला एका सुताराने घडवले. मोठा हट्टी माणूस. मापे कागदावर लिहून दिली होती, पण त्याने ती मानली नाहीत. "मला खरं कार्ड द्या," म्हणाला. ते कार्ड तो दोन महिने सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरत होता. प्रत्येक खण तयार झाला की ते कार्ड त्यात उभे करून पाहायचा, आणि केसभर जरी घट्ट बसले तरी खण पुन्हा तासायला घ्यायचा. मी कार्यालयात आले त्या दिवशी त्याने तिथल्या माणसांना एकच गोष्ट सांगितली. ओल्या हवेत लाकूड फुगते, तेव्हा वर्षातून एकदा खणांच्या कडांना मेण लावत जा. सुरुवातीची काही वर्षे कुणीतरी ते लावत असे. पुढे ते राहून गेले.

माझे काम काय होते, ते सांगते. विद्यापीठात नाव घातलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे एक जाड पिवळे कार्ड माझ्या पोटात असे. कार्डाच्या पुढच्या बाजूला त्याने करायच्या विषयांची यादी आणि प्रत्येक विषयापुढे एक चौकोन. विषय उत्तीर्ण झाला की चौकोनात खूण. सगळे चौकोन भरले की तो माणूस पदवीधर. मग ते कार्ड सहीसाठी वरच्या मजल्यावर जाई आणि माझ्याकडे परत येत नसे. लोकांना वाईट वाटते कुणी सोडून गेले की. मला मात्र कार्ड गेले की बरे वाटायचे.

कार्डाची मागची बाजू मात्र कोरी असे. तिथे फक्त अडीअडचणीची गोष्ट लिहायची. कुणी मध्येच आजारी पडून वर्षभर घरी बसलेला असे. कुणी दुसऱ्या विद्यापीठातून आलेला असे, तिथले तीन विषय इथे धरायचे ठरलेले असे. कधी एखादा वर्गच बंद पडे आणि विभागप्रमुख त्याऐवजी दुसरा विषय घ्यायची परवानगी देत. अशा वेळी मागे दोन ओळी लिहायच्या, खाली सही घ्यायची. बस्स. पण त्या दोन ओळींवर माणसाची पदवी अवलंबून असे.

माझ्याकडे शेवटची सत्तावीस वर्षे एकच बाई काम करत होत्या. त्यांचे नाव सगळे विसरले होते. विद्यार्थी, प्राध्यापक, शिपाई, सगळे त्यांना कार्डबाईच म्हणत. त्यांचे यजमान घड्याळे दुरुस्त करायचे. ते एकदा त्यांना न्यायला आले असताना सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हिला घरातल्या एकाचाही वाढदिवस लक्षात राहत नाही. पण कुणाचा कुठला विषय राहिलाय ते झोपेत विचारा." सगळे हसले, कार्डबाईही हसल्या. ते खोटे नव्हते. एकदा तपासणीला आलेले मोठे अधिकारी माझ्या लाकडावर थाप मारून म्हणाले होते, की इतक्या वर्षांत इथून एकही पदवी चुकून गेली नाही आणि एकही चुकून अडली नाही, असे कार्यालय त्यांनी दुसरे पाहिले नाही. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. तो माझा नव्हे, बाईंचा मान होता, हे मला पुढे समजले.

मित्रांनो, नवे सॉफ्टवेअर आणायचे ठरले त्यात वाईट काहीच नव्हते, हे आधी सांगते. विद्यार्थी वाढले होते आणि हात तेवढेच होते. पडताळणीला दोन-दोन महिने लागत. तोवर मुलांचे दुसरीकडचे प्रवेश हातचे जात. खिडकीशी उभ्या राहिलेल्या मुली रडताना मी पाहिल्या आहेत. तेव्हा कुलसचिवांनी ठरवले, की विषय, गुण, नियम सगळे संगणकात घालायचे. विद्यार्थ्याने स्वतः बघावे, 'पूर्ण' की 'अपूर्ण'.

त्याच्या आखणीच्या बैठका माझ्याच खोलीत होत, कारण लांब टेबल तेवढे एकच होते. कुलसचिव, परीक्षा विभागाचे प्रमुख आणि एक बारीक आवाजाचा, सतत पाणी पिणारा तरुण अभियंता. भिंतीवर त्याने मोठा कागद लावला होता. आधी नियम घालायचे, मग कार्डे स्कॅन करायची, मग दोनशे जुन्या विद्यार्थ्यांवर चाचणी, मग कर्मचाऱ्यांना शिकवायचे, मग सुरुवात. सुरुवातीची तारीख कुलगुरूंनी आधीच वर्तमानपत्रांना सांगून टाकली होती. त्यामुळे बाकी सगळे मागे-पुढे होऊ शकत होते, तारीख नाही.

चौथ्या बैठकीला कार्डबाईंना बोलावले. त्यांना टेबलाच्या टोकाची खुर्ची मिळाली. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. एक सहामाही जुने आणि नवे दोन्ही बरोबर चालू ठेवा, आणि कार्डे दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. पहिली गोष्ट कुणी फारशी ऐकूनच घेतली नाही. दुसरीवर अभियंत्याने हिशेब केला. बारा हजार कार्डे होती. दोन्ही बाजू घ्यायच्या तर वेळ दुप्पट लागणार. त्याने विचारले, मागे खरोखर किती जणांच्या लिहिलेले असते? त्याने माझा पहिला खण ओढला आणि हाताला येतील ती वीस कार्डे टेबलावर उलटी मांडली. एकोणीस कोरी निघाली. एकावर दोन ओळी होत्या.

"विसात एक," परीक्षा विभागाचे प्रमुख म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव होता.

कार्डबाईंनी ते एक कार्ड उचलून घेतले. "साहेब, विसात एक म्हणजे बारा हजारांत सहाशे माणसं."

अभियंत्याने मान खाली घातली. तो म्हणाला, की बाईंचे खरे आहे, आणखी दोन महिने मिळाले तर होईल. पण दोन महिने देणे कुणाच्याच हातात नव्हते. शेवटी कुलसचिवांनी मधला मार्ग काढला. पुढच्या बाजू यंत्राने घ्यायच्या. मागे नोंद असलेल्यांची यादी कार्डबाईंनी हाताने करून द्यायची. अभियंता ती संगणकात घालेल. मुदत तीन आठवडे.

खिडकीवरचे रोजचे काम सुटले नव्हतेच. ते आटोपून बाई खण काढून बसायच्या. एक-एक कार्ड उलटायचे, कोरे असेल तर पुढे, लिहिलेले असेल तर यादीत उतरवायचे. जेवणाचा डबा कधी उघडला जायचा, कधी तसाच घरी जायचा. अंगठ्याची कातडी सोलवटली तेव्हा त्यांनी रबराची टोपी घातली. एकोणीस खण त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले. आणि विसावा खण अडला, त्याच्या पुढचेही जागचे हलेनात.

दोष माझा होता, मित्रांनो. हवा ओली होती, मी फुगले होते. बाईंनी ओढले, हलवले, फटीत पट्टी घालून पाहिली. जोर लावला असता तर खण निघाला असता, पण आतली कार्डे फाटली असती. ते त्यांनी केले नाही. विद्यापीठाचा सुतार नव्या खोलीचे टेबल बसवण्यात गुंतला होता, तो दोन दिवसांनी आला. त्या दोन दिवसांत आणखी दोन खण झाले असते. कदाचित अधिकही, कारण त्यातला एक सुट्टीचा वार होता आणि बाई त्या दिवशीही येऊन बसल्या होत्या. मी अडले नसते तर त्या चोविसाव्यापर्यंत पोहोचल्या असत्या का, ते मला माहीत नाही. हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे.

विसावा खण पुरा झाला आणि मुदत संपली. बाईंनी आणखी आठवडा मागितला. उत्तर म्हणून बदलीचा कागद आला, शिक्षा म्हणून नव्हे. खोली संगणकांसाठी लागणार होती आणि बाईंचे काम आता उरले नव्हते. त्यांना प्रमाणपत्रे वाटायच्या खिडकीवर पाठवले. जाण्यापूर्वी त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. पहिल्या वीस खणांची यादी दिली आहे, एकवीस ते तीस बघायचे राहिले आहेत, या खणांतल्या कुणालाही 'अपूर्ण' म्हणण्याआधी कार्ड उलटून बघावे. एक प्रत कुलसचिवांच्या कागदांच्या तबकात ठेवली. दुसरी माझ्या एकविसाव्या खणात, अगदी पुढे, उघडणाऱ्याला पहिल्यांदा तीच दिसेल अशी.

दुसऱ्याच दिवशी चार माणसांनी मला तळघरात आणले.

पुढचे वर्ष मी पंपाची घरघर ऐकत काढले. सॉफ्टवेअर वेळेवर सुरू झाले, आणि बहुतेकांचे भले झाले. दोन महिन्यांचे काम दोन दिवसांवर आले. पण माझ्या शेवटच्या दहा खणांतल्या एकतीस जणांना त्या वर्षी 'अपूर्ण' असे उत्तर गेले. सगळ्यांचे विषय खरे तर पुरे झाले होते. त्यातले अठ्ठावीस जण खिडकीवर जाऊन भांडले. मग एखादा शिपाई चिठोऱ्यावर नाव घेऊन खाली यायचा, तेवढे कार्ड काढायचा आणि जायचा. एकदा एकविसावा खणही उघडला गेला. बाईंची चिठ्ठी त्याच्या बोटांना लागली. त्याने ती बाजूला सारली आणि हवे ते कार्ड घेतले. त्याचे काय चुकले? त्याला कार्ड आणायला सांगितले होते, चिठ्ठी वाचायला नाही. आणि मला तोंड नव्हते.

एकाची चूक दुरुस्त झाली, मग दुसऱ्याची. सगळ्यांच्या चुकीचे कारण एकच आहे, असे मात्र कुणाला वाटले नाही.

तिघे जण भांडायला आलेच नाहीत.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी पायऱ्यांवर ओळखीची पावले वाजली. कार्डबाई होत्या. त्यांच्यामागे पंचेचाळिशीचा एक माणूस, इस्पितळातला लिफ्टवाला. निळा गणवेश, खिशाला बिल्ला. तो घाबरल्यासारखा दिसत होता, जणू त्यालाच कसल्या चौकशीला आणले आहे. तो प्रमाणपत्र न्यायला आला होता. बाईंनी सवयीने गुणपत्रक पाहिले आणि त्यांना दिसले, की नकाशावाचन आणि हवामानशास्त्र हे दोन्ही विषय त्याने केले आहेत. दोन्ही कशाला केलेत, असे त्यांनी विचारले. तो ओशाळून म्हणाला, की माझी मोजण्यात चूक झाली होती. ते ऐकल्याबरोबर बाईंनी खिडकी बंद केली आणि त्याला घेऊन त्या थेट खाली आल्या.

चोविसावा खण त्यांनी उघडला. कार्ड सापडायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी ते उलटले आणि मागच्या ओळी वाचल्या. मग त्याच्या हातात दिले.

मागे लिहिले होते, की संध्याकाळचा नकाशावाचनाचा वर्ग विद्यार्थी नसल्यामुळे बंद झाला असून त्याऐवजी हवामानशास्त्र ग्राह्य धरावे. खाली विभागप्रमुखांची सही. तारीख चार वर्षांपूर्वीची.

"म्हणजे माझं झालं होतं," तो म्हणाला.

"गेल्या वर्षीच झालं होतं."

तो एका मोडक्या खुर्चीच्या कडेवर बसला. भूगोलाची पदवी. नऊ वर्षे त्याने अभ्यास केला होता. लिफ्टमध्ये स्टुलावर बसून, मांडीवर पुस्तक उघडे ठेवून, दोन मजल्यांच्या मध्ये जेवढे वाचून होईल तेवढे. रुग्णाला घेऊन येणारे लोक कधी त्याच्यावर ओरडत, तेव्हा तो पुस्तक मिटून पायाखाली सरकवायचा. हे त्याने रडगाणे म्हणून सांगितले नाही. बाईंनी विचारत विचारत त्याच्याकडून काढून घेतले. विभागप्रमुखांनी तोंडी हो म्हटले होते एवढे त्याला आठवत होते, पण संगणकावर 'अपूर्ण' आले तेव्हा त्याला वाटले, आपल्याला नीट कळले नसेल. तोवर नकाशावाचनाचा वर्ग पुन्हा सुरू झाला होता. त्याने गुपचूप नाव घातले आणि एक वर्ष आणखी काढले.

"तुम्ही यायला हवं होतं हो," बाई म्हणाल्या. "भांडायला हवं होतं. बाकीचे सगळे भांडले."

तो थोडा हसला. "बाई, मी लिफ्ट चालवतो. जे बटण दाबलं जाईल त्या मजल्यावर जायचं, एवढंच मला ठाऊक."

मग बाईंनी एकविसावा खण ओढला आणि स्वतःची चिठ्ठी काढून त्याला दाखवली. ती त्यांनी स्वतःच्या बचावासाठी दाखवली नाही. त्या म्हणाल्या, "मी लिहून ठेवलं आणि माझं काम झालं असं समजले. वर्षभर मी याच इमारतीत होते. एकदा विचारायला गेले नाही, की राहिलेले खण कुणी बघितले का."

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी घालून परत दिली. एक वर्ष फुकट गेले त्याचे मला फारसे काही नाही, नकाशावाचन छान विषय आहे, असे तो म्हणाला. पुढचे त्याने माझ्याकडे, म्हणजे भिंतीकडे बघत सांगितले.

त्याचे वडील याच विद्यापीठाच्या छापखान्यात कंपोझिटर होते. पदवीधरांच्या नावांची यादी दरवर्षी तेच जुळवायचे. तीस वर्षे त्यांनी शिशाचा एक-एक टाइप उचलून परक्यांच्या मुलांची नावे लावली होती. मुलगा नऊ वर्षांपूर्वी शिकायला लागला, तेव्हा त्यांनी एकच मागणे मागितले, की त्या यादीत तुझे नाव मला वाचायचे आहे. गेल्या वर्षीपर्यंत त्यांना भिंग धरून मोठी अक्षरे दिसत होती. या वर्षी काहीच दिसत नाही.

"मी म्हटलं, हरकत नाही, यादी हातात तरी देऊ," तो म्हणाला. "कागदावर उठलेलं अक्षर त्यांना बोटांना कळतं. पण यंदापासून यादी छापतच नाहीत. नुसती पडद्यावर असते."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही, की कसले आश्वासनही दिले नाही. त्यांनी ते कार्ड आणि चिठ्ठी घेतली, त्याला म्हणाल्या, "चला," आणि दोघे वर गेले.

वर काय झाले ते मला पुढच्या आठवड्यात कळले, कारण बाई पुन्हा आल्या, आणि बरोबर दोन कारकून. कुलसचिवांनी कार्डाची मागची बाजू वाचली होती. त्यांच्या तबकातली चिठ्ठीची पहिली प्रतही शोधून काढली गेली होती, वर्षभराच्या कागदांखाली, जशीच्या तशी. दुपारीच त्यांनी दोन हुकूम काढले. उरलेले दहा खण वाचायचे. आणि यापुढे सॉफ्टवेअरने 'अपूर्ण' म्हटले, तर कुणातरी माणसाने तपासल्याशिवाय ते विद्यार्थ्याला कळवायचे नाही. तो हुकूम अजून पाळला जातो, असे ऐकते. बारीक आवाजाचा अभियंता दुसऱ्या कामावर गेला होता. त्याला कळल्यावर त्याने बाईंना फोन केला.

कार्डे वाचता वाचता एका कारकुनाने विचारले, की त्या लिफ्टवाल्याच्या वडिलांचे पुढे काय झाले. बाई मान वर न करता सांगत होत्या. छापखान्यात त्या स्वतः जाऊन आल्या होत्या, एक तरी प्रत जुन्या पद्धतीने काढता येईल का विचारायला. यादी छापणे बंद झाले तेव्हाच शिशाचे टाइप वितळवले होते. लिफ्टवाल्याने प्रमाणपत्र घरी नेले. म्हाताऱ्याने त्यावरून बोटे फिरवली. कागद गुळगुळीत होता. "कुठे आहे नाव?" त्यांनी विचारले. मुलाने त्यांचे बोट धरून नावावर ठेवले. ते म्हणाले, "असेल." दोघा कारकुनांनी पुढची कार्डे उलटायला घेतली.

दहा खण बारा दिवसांत झाले. न भांडलेल्या उरलेल्या दोघांची नावे सापडली. एक खाणीत काम करणारा होता, त्याला पदवी पोहोचली. मग सगळी कार्डे दोन्ही बाजूंनी स्कॅन करून नेली आणि मी रिकामी झाले. कार्डबाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या. जाताना त्या खाली आल्या होत्या. त्यांनी माझे सगळे खण एकदा उघडून पाहिले, मागे काही अडकून राहिले नाही ना याची खात्री केली, आणि गेल्या.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कितीतरी जुन्या गोष्टी काढून नव्या आणाल. जरूर आणा. मला कुणी वर नेऊन ठेवावे, असे माझे म्हणणे नाही. पण जो आवाज करतो त्याचेच तेवढे काम करून थांबू नका. जो गप्प बसला आहे, त्याच्याकडे स्वतः चालत जा.

आणि एक मागणे आहे. उरलेल्या दोघांमधली दुसरी एक बाई होती, एकोणतिसाव्या खणातली. पाळणाघरात मुले सांभाळता सांभाळता शिकत होती. तिला पाठवलेले पत्र परत आले. पत्ता बदलला होता. दुसरे पाठवले, तेही परत आले. तिचे सगळे विषय पुरे झाले आहेत, पदवी तयार आहे, आणि तिला ते माहीत नाही. तुमच्या ओळखीची कुणी मावशी, कुणी शेजारीण कधी सहज बोलून गेली, की माझी पदवी एका विषयावरून राहिली, हिशेबात माझंच चुकलं, तर तिला एवढेच सांगा, की एकदा जाऊन विचारून ये.